पाटीवरची साद

पेनसिल्व्हेनियातून एका काकांचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणालेत. पत्र मोठं आहे, मी थोडं आटोपतं करून देते:

"मी ७७ वर्षांचा, मूळचा कराडजवळच्या खेड्यातला. १९७२ साली धातुशास्त्र शिकून इथे आलो आणि पोलाद कारखान्यात लागलो. आमच्या खात्यात तिघे जण होते, इथलेच, डोंगरात वाढलेले. १९७६ च्या मे महिन्यात त्यांनी मला पहाटे साडेतीनला उठवून रानटर्कीच्या शिकारीला नेलं. त्यानंतर ४१ वर्षं आमचा मे चुकला नाही. मग एक गेला, मग दुसरा. या फेब्रुवारीत तिसराही गेला. दिवस झाल्यावर त्याची बायको घरी आली आणि त्याच्या वडिलांची दोननळी, सोळा बोअरची फॉक्स, माझ्या हातात ठेवून म्हणाली, 'ही तुझ्याकडे जावी असं तो सांगून गेलाय.' माझी जुनी इथाका आणि दुसऱ्या मित्रानं दिलेली विंचेस्टर धरून आता कोटांच्या कपाटात तीन बंदुका आहेत. बायको म्हणते विकून टाका. मुलगा म्हणतो, बंदुका आहेत तोवर नातीला तुमच्याकडे राहायला पाठवणार नाही. मंडळातल्या लोकांना काही सांगायला गेलं तर 'पक्षी मारण्यात कसला आनंद' म्हणतात. गेलेल्या मित्राचा मुलगा ओहायोत असतो. त्यानं विचारलंय, या मे महिन्यात तुमच्याबरोबर येऊ का? मी अजून उत्तर दिलेलं नाही. रात्री कपाट उघडून बसतो आणि रडू येतं. या वयात हे बरं का? बंदुका ठेवू की विकू? आणि जाऊ की नको?"

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिलं उत्तर तुमच्या मुलाच्या बाजूनं आहे, ते आधी देऊन टाकते. कोटांच्या कपाटात, त्याच फळीवर काडतुसांचा खोका, आणि घरात अकरा वर्षांची नात: हे चालणार नाही. तुमच्या मुलाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि त्यात तुमच्या मित्रांचा काही अपमान नाही. पोलादी कुलूपबंद कपाट घ्या, भिंतीला बोल्टनं आवळून टाका. काडतुसं दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात. किल्ल्या तुमच्या दोघांपलीकडे कोणाला ठाऊक नकोत. आत ठेवण्याआधी तिन्ही बंदुका उघडून, बोट घालून, रिकाम्या असल्याची खात्री करा. रिकामी आहे असं आठवतंय, एवढ्यावर विसंबू नका. हे या आठवड्यात करा, मग मुलाला फोन करून बोलवा आणि त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या. बाकीचं सगळं त्यानंतर.

आता रडण्याबद्दल.

माझ्या वडिलांकडे लायसनची बारा बोअर होती. दापोलीकडचं आमचं गाव. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार जवळपास संपली होती, पण पीकसंरक्षणाचं लायसन होतं, आणि वानरं किंवा डुकरं बागेत उतरली की अण्णा हवेत एखादा बार काढायचे. दर निवडणुकीला ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर परत यायची. अण्णा गेल्यावर आम्ही भावंडांनी आठवड्याच्या आत ती कायमची जमा करून टाकली. कागद पूर्ण केले आणि सुटलो असं वाटलं. बाराव्याला त्यांचे दोन जुने सोबती आले होते, तरुणपणी त्यांच्याबरोबर रानात रात्री काढलेले. ओटीवर बसले. त्यातल्या एकानं विचारलं, "बंदूक कुठे आहे?" मी म्हटलं, दिली. ते काहीच बोलले नाहीत. मी चहा दिला, ते प्याले आणि निघून गेले. त्यांना मी एकही प्रश्न विचारला नाही. आज ते दोघेही नाहीत, आणि अण्णा वयाच्या पंचविशीत कसे होते हे मला सांगणारं पृथ्वीवर कोणी उरलेलं नाही.

म्हणून तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीशी मी अडले ती मुलाची नव्हती आणि मंडळाचीही नव्हती. ओहायोतल्या त्या मुलाची होती. तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही म्हणता. काका, त्याचा बाप गेलाय. त्याला तो बाप म्हणून माहीत आहे. पहाटे चार वाजता कमरेला थर्मास लावून, अंधारात काटक्या न मोडता चालणारा माणूस म्हणून तो फक्त तुम्हाला माहीत आहे. त्या तिघांची गोष्ट सांगू शकणारे तुम्ही शेवटचे. वहिनींनी बंदूक तुमच्या हातात ठेवली तेव्हा त्या मुलानं हरकत घेतली नाही, उलट "येऊ का" म्हणून विचारलं. त्याला बंदूक नकोय, तुम्ही हवे आहात. आजच त्याला "ये" म्हणून कळवा.

रात्री कपाट उघडून रडता, त्यात बरं-वाईट काही नाही. पण बंद दाराआड एकट्यानं रडत राहिलात तर आठवणी झिजतात, दोन-चार प्रसंगच पुन्हा पुन्हा येत राहतात. दुसरं माणूस समोर असलं की तो विचारतो, "मग पुढे काय झालं?" आणि आपल्याला विसरलेलंही आठवतं. तुमच्या पत्रातच बघा. पहिली दोन पानं दुःखाची आहेत. तिसऱ्या पानावर तुम्ही पाटीची गोष्ट सांगायला लागलात आणि तुमचं अक्षरच बदललं.

ती गोष्ट वाचकांसाठी इथे सांगते, कारण मला ती फार आवडली. वसंतातली टर्कीची शिकार म्हणजे पाठलाग नव्हेच. पेनसिल्व्हेनियात तर या हंगामात नराच्या मागावर जायला मनाई आहे. बसायचं, आणि मादीचा आवाज काढून त्याला बोलवायचं. त्यासाठी लाकडी डबी असते, तोंडात धरायचा रबरी पडदा असतो, पंखाच्या हाडांची पिपाणी असते, आणि पाटी असते. खरी दगडी पाटी, तळहाताएवढी गोल, तिच्यावर लाकडी काडी घासायची. त्या तिघांनी काकांपुढे सगळं मांडलं. डबी त्यांना जमेना, पडद्यानं उबळ यायची. पाटी हातात घेतली आणि पहिल्या फटक्यात आवाज निघाला. "जिल्हा परिषदेच्या शाळेत पाटीवर पेन्सिल कर्रकन वाजली की गुरुजी छडी घ्यायचे," तुम्ही लिहिलंय, "तोच आवाज काढल्याबद्दल इथे तिघांनी माझी पाठ थोपटली." काका, हे तुम्ही तुमच्या नातीला सांगितलंय का?

मंडळातल्या लोकांवर रागावू नका. मी स्वतः शिकार करत नाही आणि करणारही नाही, आणि पक्षी मारण्याबद्दल त्यांना जे वाटतं ते प्रामाणिक आहे. पण त्यांना अर्धीच गोष्ट माहीत असते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेनसिल्व्हेनियात रानटर्की फक्त दक्षिण-मध्य भागातल्या अवघड डोंगररांगांत उरली होती. जंगलं तोडली गेली होती आणि बाजारात विकण्यासाठी बेसुमार मारली जात होती. मग बंदुका आणि काडतुसांवरच्या केंद्रीय कराचे पैसे १९३७ च्या कायद्यानं वन्यजीवांच्या कामासाठी बांधून दिले गेले. लांब नळीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर हा कर ११ टक्के आहे. म्हणजे तुमच्या मित्रांनी घेतलेल्या प्रत्येक खोक्यातून थोडे पैसे त्या रानात परत गेले. कित्येक दशकं पिंजऱ्यात वाढवलेली पिलं सोडून पाहिली, ती तगेनात. रानातलीच पाखरं जाळी उडवून धरायची आणि रिकाम्या डोंगरात नेऊन सोडायची हे सुरू झालं, तेव्हा ती रुजली. पेनसिल्व्हेनियात वसंतातला नराचा हंगाम सुरू झाला १९६८ मध्ये. १९७३ मध्ये टर्कीसाठी झटणारी राष्ट्रीय संघटना निघाली तेव्हा साऱ्या अमेरिकेत ही पाखरं १३ ते १५ लाखांच्या आसपास होती. पुढे ती ६० लाखांवर गेली. तुम्ही चौघे रानात शिरलात ते नेमकं त्याच वर्षांत. एक पक्षी परत येताना तुम्ही पाहिलात. आणि तुमचा मित्र तुम्हाला म्हणायचा ना, "तूही जाळ्यात धरून आणलेलाच, पण रुजलास"? त्याला तुमच्याबद्दल काय वाटत होतं ते त्या एका वाक्यात आहे.

हा धागा त्या दोननळीपर्यंत जातो. ती त्याच्या वडिलांची. ते तरुण असताना तुमच्या त्या डोंगरावर टर्की बहुधा नसेलच. सोळा बोअरची हलकी दोननळी ही ग्राऊस नावाच्या रानपाखरासाठी आणि सशांसाठी खांद्यावर टाकून दिवसभर चालायची बंदूक. तुमचा मित्र वडिलांच्या बंदुकीनं कधी टर्कीवर बार काढत नसे, फक्त दरवर्षी शेवटच्या दिवशी बरोबर आणायचा, असं तुम्ही लिहिलंय आणि त्याचं कारण कळलं नाही म्हणालात. मला वाटतं, तो वडिलांना टर्की ऐकवायला आणत असावा. माझा अंदाज चुकीचा असू शकतो. वहिनींना विचारा.

बंदुका विकू नका. निदान वर्षभर तरी नको. दुःखाच्या पहिल्या वर्षात माणूस एक तर सगळं उराशी धरतो नाही तर सगळं फेकतो, आणि दोन्हींचा पस्तावा होतो. पण ठेवायच्या तर नीट ठेवा, म्हणून थोडं कामाचं.

फॉक्सच्या नळीवर काय कोरलंय ते भिंग लावून वाचा. फिलाडेल्फिया असेल तर ती १९३० च्या आधीची, म्हणजे तुमच्याच राज्यात घडलेली. यूटिका असेल तर कंपनी विकली गेल्यानंतरची. तुम्ही स्टर्लिंगवर्थ म्हणता, म्हणजे नक्षीकाम नसलेली साधी, कामकऱ्याला परवडणारी. याच फॉक्सची उंची बंदूक थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये आफ्रिकेत घेऊन गेले होते, पण कारखान्यातल्या माणसाच्या घरी येणारी ही. हिच्या नळ्या पोलादी आहेत, पट्ट्यांची वेटोळी जोडून केलेल्या जुन्या दमिश्की नव्हेत, हे चांगलं. तरी जाणत्या गनस्मिथला दाखवल्याशिवाय तिच्यात काडतूस घालू नका. त्या काळच्या सोळा बोअरच्या बंदुकांत काडतुसाचं घर आजच्या पावणेतीन इंची काडतुसापेक्षा बहुतेक वेळा आखूड असतं. नवं काडतूस आत जातं, दार बंदही होतं, पण फुटताना त्याच्या तोंडाच्या पाकळ्यांना उलगडायला जागा राहत नाही आणि दाब वाढतो. तुम्ही आयुष्यभर पोलादात काम केलंय, पुढचं तुम्हाला सांगायला नको. आणि जुन्या, तोंडाशी आवळलेल्या नळ्यांतून पोलादी छर्रे कधीच नकोत. शिसं किंवा बिस्मथ.

विंचेस्टर मॉडेल १२ आणि इथाका ३७ बद्दल एक गोष्ट ओहायोहून येणाऱ्या मुलाला आवर्जून सांगा. विंचेस्टर १९१२ पासूनची, इथाका १९३७ पासूनची. जुन्या घडणीत या दोन्हींमध्ये चाप दाबून धरलेला असताना पुढचा हातदस्ता मागे-पुढे केला, तर चाप न सोडताच पुढचा बार उडतो. आजच्या बंदुकांवर शिकलेल्या माणसाला हे ठाऊक नसतं. तुमची इथाका १९७८ मध्ये तुम्ही जुनीच घेतलेली, म्हणजे तीही तशीच असणार असं धरून चाला.

इथाकाबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलीत आणि पुढे गेलात. मी तिथे थांबले. तुम्ही डावखुरे. बहुतेक बंदुका रिकामं काडतूस उजव्या बाजूनं फेकतात, ते डावखुऱ्याच्या तोंडासमोरून जातं. इथाका ते खालून टाकते. तुमच्या फोरमन मित्रानं तीन गावं हिंडून ही शोधली आणि तुमच्याकडून ९० डॉलर घेतले, आणि ती त्याला १४० ला पडली होती हे तुम्हाला त्याच्या अंत्यविधीच्या वेळी कळलं. काका, ही गोष्ट लिहून ठेवा. मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, पण तारीख घालून लिहा.

खरं तर प्रत्येक बंदुकीसाठी एक वही करा. नंबर, कोणाकडून आली, कोणत्या साली, कोणत्या ओढ्यापाशी काय झालं. चुकलेले बारही लिहा. फॉक्ससोबत वहिनींकडून सहीचा एक कागद घ्या: बंदुकीचा नंबर, तारीख, तुम्हाला दिली एवढंच. तुम्ही दोघं एकाच राज्यात आहात, त्यामुळे लांब नळीच्या बंदुकीला तिथे अडचण नाही, पण कागद असलेला बरा. उद्या ती त्याच्या मुलाला द्यावीशी वाटली, आणि मला वाटतं तशी वेळ येईल, तर तो दुसऱ्या राज्यात राहतो. गाडीत टाकून नेऊ देऊ नका. परवानाधारक विक्रेत्यामार्फत द्या किंवा मृत्युपत्रात लिहा, मृत्युपत्रानं मिळालेल्या बंदुकीला केंद्रीय कायद्यात वेगळी सवलत आहे. चामड्याच्या जुन्या म्यानात ठेवू नका, त्यात ओल धरते आणि नळीला गंज चढतो. नळीवर तेलाचा पातळ हात पुरे. आणि कोणीही "नवी करून देतो" म्हणाला तरी लाकूड घासू देऊ नका. दस्त्यावर त्याच्या वडिलांच्या गालानं झालेली झीज आहे.

बायकोला "विकून टाका" का वाटतं ते विचारलंत का? तुम्ही तिच्याबद्दल एकच वाक्य लिहिलंय, पण त्याच पत्रात, बेचाळीस वर्षं दर मे महिन्यात टर्कीच्या तंगड्या कांदा-लसूण मसाल्यात मंद आचेवर चार तास शिजवून, चार पुरुषांना भाकरी थापून वाढणारी ती कोण होती? रानटर्कीच्या तंगड्यांत शिरा असतात, घाई केली तर दातांनी तुटत नाहीत. हे तिनं कोणाला विचारून शिकलं? तिघे तिचेही होते. तिचंही कोणी गेलंय. तिला कदाचित बंदुका नकोत असं नाही, रात्री कपाटासमोर बसलेला नवरा बघवत नसेल. एका संध्याकाळी तिच्याशी बोला, आणि त्या वहीत तिच्यासाठी पानं ठेवा.

आता जाण्याबद्दल. जा. पण ७७ व्या वर्षी अंधारात एकट्यानं डोंगर चढू नका. ओहायोहून येणारा मुलगा बरोबर असू दे, वाटेपासून जवळची, सपाट जागा निवडा. नियम तुम्हाला माझ्यापेक्षा ठाऊक आहेत, तरी तो नवा असेल तर त्याला पहिल्याच दिवशी सांगा: लाल, पांढरं, निळं काही अंगावर नको, नराच्या डोक्याचे तेच रंग. पाठ खांद्यांपेक्षा रुंद झाडाला. कोणी आरवताना ऐकलं म्हणून त्या दिशेला सरपटायचं नाही, तो दुसरा शिकारीही असू शकतो. पहिल्या पंधरवड्यात दुपारी बाराला थांबायचं. परवाना आणि यंदाच्या तारखा वेळेत बघून ठेवा. आणि गोचिडांसाठी विजारी मोज्यांत खोचा.

बंदूक नेलीच पाहिजे असं नाही. तुमच्या मनात नसेल तर त्याला इथाका द्या आणि तुम्ही फक्त पाटी घ्या. बोलावणारा एक आणि नेम धरणारा दुसरा, असं तुम्ही चौघे करतच होतात. तुम्ही लिहिलंय, रानात खरं तर मादी चालत नराकडे जाते. आपण त्याला उलट बोलावतो, म्हणून तो साठ-सत्तर पावलांवर येऊन थांबतो, पिसारा फुलवतो आणि वाट बघत राहतो की तिनं यावं. तेव्हा हात स्थिर ठेवून गप्प बसणं सगळ्यात अवघड. त्या गप्प बसण्यात तुम्ही चौघांनी किती तास काढले असतील. तो मुलगा तुमच्या शेजारी तसाच बसू दे. बोलणं नंतर, गाडीच्या मागच्या फळीवर, कॉफी ओतताना आपोआप होईल.

नातीचं मात्र वेगळं करा. तिला मे महिन्यात नेऊ नका. हंगामाच्या आधी, एप्रिलमधल्या एखाद्या कोरड्या, वारा नसलेल्या पहाटे, तिच्या बापासकट न्या. बंदूक घरी, कुलपात. अंधार असताना पोहोचा आणि नुसतं ऐका. आधी घुबड बोलेल, मग उजाडता उजाडता झाडावरून पहिला नर आरवेल. त्या वेळी पाटी खिशातून काढू नका. हंगामाआधी रानात साद घातली की पाखरं सावध होतात आणि पुढे येणाऱ्यांचं नुकसान होतं.

पाटीची शिकवणी घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. काडी थोडी तिरपी, पेन्सिल धरतो तशी, छोटे छोटे गोल, काडी उचलायची नाही. हाताला तेलकट काही लागलेलं नको, नाहीतर ती घसरते. इतक्या वर्षांनी काढताय, तर आधी बारीक पॉलिश पेपरनं एकाच दिशेनं घासून घ्या, आणि तिला पहिल्यांदा वाजवू द्या.